मूडलचा कस: अर्धा वर्ग पडद्यावर, अर्धा फळ्यासमोर

मूडल या कोर्स ऑनलाइन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ टाकता येतात, ही मूडलची सगळ्यात कमी महत्त्वाची बाजू. तरी पुष्कळ महाविद्यालयांत वापर तेवढाच होतो: ‘युनिट ३ नोट्स फायनल नवीन २’ अशा नावाच्या फायलींची रांग, आणि वर तक्रार की मुलं उघडूनसुद्धा बघत नाहीत. फायली ठेवायला साधं ड्राइव्हवरचं फोल्डर पुरतं. मूडल घ्यायचं ते वेगळ्या कामासाठी. विद्यार्थ्याने घरी काय केलं, कुठे अडला, हे शिक्षकाला वर्गात पाऊल टाकण्याआधी कळायला हवं आणि वर्गात जे झालं त्याला धरून पुढचं ऑनलाइन काम उघडायला हवं. या परीक्षणात मूडल याच एका कसोटीवर घासून पाहिलं आहे. कसोटीला ते उतरतं, पण आपोआप नाही. जशीच्या तशी सोडलेली सेटिंग्ज बऱ्याच जागी शिक्षकाच्याच अंगावर येतात.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूडल ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगिआमस यांनी सुरू केलं, १.० ही आवृत्ती २००२ ची. मुक्त स्रोत, जीपीएल परवाना, पीएचपी या भाषेत लिहिलेलं, मागे डेटाबेस म्हणून मारियाडीबी, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस. परवान्याला पैसे पडत नाहीत; पडतात ते सर्व्हरला आणि तो सांभाळणाऱ्या माणसाला. २०२२ च्या ४.० आवृत्तीत पडद्याची मांडणी बरीच सुधारली, त्यामुळे त्याआधीचं मूडल पाहून नाक मुरडलेल्यांनी पुन्हा एकदा बघायला हरकत नाही.

मूडल उघडण्याआधी एक हिशेब कागदावर करावा लागतो, आणि मिश्र कोर्स, म्हणजे काही तास वर्गात आणि काही ऑनलाइन, बहुधा इथेच फसतो. आठवड्याला तीन तासांचा विषय असेल आणि तिन्ही तास तसेच ठेवून वर व्हिडिओ, क्विझ आणि चर्चा चढवल्या, तर विद्यार्थ्याच्या डोक्यावर दीड कोर्स बसतो. तो पहिले दोन आठवडे इमानाने करतो आणि तिसऱ्या आठवड्यापासून क्विझची उत्तरं मित्राकडून घेतो. ऑनलाइन तास घालायचा तर वर्गातला एक तास काढायचा, आणि त्या तासात काय बसतं ते मिनिटांत मांडायचं: सहा-सहा मिनिटांचे दोन व्हिडिओ, वीस मिनिटांचं वाचन, दहा मिनिटांची क्विझ, पाच मिनिटांत लिहायची एक शंका. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन पाहिला जातो, म्हणून त्याचा वेळ दुप्पट धरावा. एकूण बेरीज साठच्या आत आली पाहिजे. सहा मिनिटांचा आकडा हवेतला नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा २०१४ मध्ये जो अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांपलीकडे प्रेक्षक टिकण्याचं प्रमाण घसरतं असं दिसलं होतं. आणि मिश्र पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी अमेरिकी शिक्षण खात्याने २०१० मध्ये काढलेला एकत्रित आढावा पुरता वाचावा. मिश्र गट निव्वळ वर्गातल्या गटांपेक्षा सरस ठरले खरे, पण त्या गटांना बहुतेक वेळा जास्तीचा वेळ आणि जास्तीचं साहित्यही मिळालं होतं, हे तिथेच नोंदवलेलं आहे. म्हणजे श्रेय माध्यमाला द्यायचं की वाढीव अभ्यासाला, हे त्यातून ठरत नाही.

आता मूडलकडे. वर्गाआधीची क्विझ हा त्याचा सगळ्यात दणकट भाग. पाच ते सात प्रश्न पुरे. प्रश्न एकेक करून पडद्यावर भरण्यात जीव जातो, त्यापेक्षा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘एकेन’ पद्धतीने लिहून आयात करावेत. एका ओळीत प्रश्न, पुढच्या ओळींवर रोमन कॅपिटल ए, बी, सी, डी आणि टिंब देऊन पर्याय, शेवटच्या ओळीवर रोमन कॅपिटलमध्येच ‘आन्सर’, कोलन आणि बरोबर पर्यायाचं अक्षर. प्रश्न मराठीत चालतात, पण फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत जतन केलेली हवी, नाहीतर आयात अडते किंवा देवनागरीच्या जागी चौकोन येतात. प्रश्न दोन ओळींत तोडला तरीही आयात अडते, कारण एकेनला प्रश्न एकाच ओळीत लागतो.

या क्विझमध्ये यादृच्छिक प्रश्न टाकायचा मोह होतो. टाकू नये. प्रत्येकाला वेगळा प्रश्न पडला की वर्गात ‘तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलूया’ असं म्हणताच येत नाही आणि आकडेवारीही विखुरते. ही परीक्षा नाही, तापमापक आहे. तापमापक सगळ्यांना एकच लावायचा.

मूडल पहिला दगा देतं ते ‘रिव्ह्यू ऑप्शन्स’मध्ये. विद्यार्थ्याला काय आणि कधी दाखवायचं ते तिथे ठरतं. चार रकाने असतात: सोडवताना, सोडवल्यावर लगेच, नंतर पण क्विझ चालू असताना, आणि क्विझ बंद झाल्यावर. शेवटच्या तीन रकान्यांत ‘राइट आन्सर’ची खूण मुळातच लावलेली येते. याचा अर्थ असा की पहिल्या मुलाने क्विझ संपवली की बरोबर उत्तरं त्याच्यासमोर, आणि पाच मिनिटांत ती सगळ्यांच्या फोनवर. मधल्या दोन रकान्यांतली ‘राइट आन्सर’ची खूण काढायची आणि फक्त शेवटच्यात ठेवायची. ‘लगेच’ म्हणजे मूडलच्या हिशेबात सबमिट केल्यापासून दोन मिनिटं, हेही लक्षात असू द्यावं. ‘मला उत्तर दिसलं आणि मग गायब झालं’ अशी तक्रार येते तिचं कारण हेच.

क्विझ वर्गाच्या ठोक्याला बंद करू नये. सकाळी दहाचा तास असेल तर आदल्या रात्री दहाला बंद. मग ‘रिझल्ट्स’मधून ‘स्टॅटिस्टिक्स’ उघडावं आणि दोनच रकाने पाहावेत. ‘फॅसिलिटी इंडेक्स’ म्हणजे त्या प्रश्नाला वर्गाला सरासरी किती टक्के गुण मिळाले. ‘डिस्क्रिमिनेशन इंडेक्स’ म्हणजे एकूण क्विझ चांगली सोडवणाऱ्यांनी तो प्रश्नही चांगला सोडवला का. पहिला आकडा ८५ च्या पुढे असेल तर त्या भागावर वर्गात एक मिनिटही घालवू नये, कितीही आवडती स्लाइड असली तरी. ३० ते ७० च्या मध्ये असेल तर तोच प्रश्न फळ्यावर परत लिहून मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावावं आणि पुन्हा मत घ्यावं. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली ही पद्धत नेमकी याच पट्ट्यात चालते: पुरेशा जणांना येतं, म्हणून समजावणारे सापडतात, आणि पुरेशा जणांना येत नाही, म्हणून वादाला अर्थ राहतो. ३० च्या खाली गेलं तर भाग नव्याने शिकवायचा. आणि दुसरा आकडा ऋण आला तर आधी उत्तरसूची तपासायची. हुशार मुलं चुकताहेत आणि बाकीचे बरोबर येताहेत, तर बहुतेक वेळा शिक्षकानेच चुकीच्या पर्यायाला गुण लावलेले असतात.

‘या भागात सगळ्यात कमी काय समजलं?’ हा प्रश्न विचारायलाच हवा, पण तो क्विझमध्ये ‘एसे’ प्रकारात टाकू नये. एसेला हाताने गुण देईपर्यंत संपूर्ण क्विझचे गुण लटकतात आणि त्या गुणांवर बांधलेलं पुढचं सगळं अडकतं. त्यासाठी वेगळी ‘फीडबॅक’ ॲक्टिव्हिटी ठेवावी, निनावी. निनावी म्हटल्यावर मुलं खरं लिहितात.

मूडल साध्या साधनांच्या पुढे जातं ते साखळी बांधण्यात. ‘ॲक्टिव्हिटी कम्प्लीशन’ म्हणजे काम झालं असं कधी मानायचं, आणि ‘रिस्ट्रिक्ट ॲक्सेस’ म्हणजे पुढचं काम कोणाला आणि कधी उघडायचं. दोन्ही जोडले की ‘क्विझ दिल्याशिवाय वर्गातल्या कामाचा कागद उघडत नाही, आणि वर्गाची वेळ झाल्याशिवायही उघडत नाही’ अशी अट घालता येते. दोन अटी असल्या की वरच्या बाजूला ‘ऑल’ की ‘एनी’ हे नीट निवडावं. एनी राहिलं तर कुलूप असून दार उघडं. प्रत्येक अटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. डोळा उघडा असेल तर विद्यार्थ्याला ते काम फिकट रंगात दिसतं आणि का बंद आहे ते खाली लिहून येतं. डोळा मिटलेला असेल तर काम दिसतच नाही. डोळा उघडाच ठेवावा. मिटलेल्या डोळ्याने ‘सर, लिंक दिसत नाही’ असे निरोप येतात आणि त्यांना उत्तरं देण्यात संध्याकाळ जाते.

या साखळीचे दोन कच्चे दुवे आहेत. फाइलला ‘व्ह्यू’ ही पूर्तीची अट लावली तर फाइल उघडली की खूण लागते. दोन सेकंदांत बंद केली तरी मूडलच्या लेखी वाचन झालं. म्हणून वाचनावर खूण लावून समाधान मानू नये, अट क्विझवर लावावी. आणि पूर्तीच्या अटी सत्र सुरू होण्याआधीच पक्क्या कराव्यात. एका जरी विद्यार्थ्याने काम पूर्ण केलं की त्या अटींना मूडल कुलूप लावतं. ते उघडून अट बदलली तर सगळ्यांच्या पूर्तीच्या नोंदी पुसून नव्याने मोजल्या जातात, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः हाताने लावलेल्या खुणा काही परत येत नाहीत. सत्राच्या मध्यावर हे केलं की उडणारा गोंधळ निस्तरायला कोणालाच वेळ नसतो.

वर्ग चालू असताना मूडल वापरायचं तर शेवटच्या पाच मिनिटांची तीन प्रश्नांची क्विझ उत्तम. तिला ‘रिक्वायर पासवर्ड’ लावून पासवर्ड फळ्यावर लिहितात. तो मिनिटभरात ग्रुपवर जातो, त्यामुळे नुसत्या पासवर्डवर भिस्त ठेवू नये. उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ सहा-सात मिनिटांच्या खिडकीत घट्ट बसवावी. महाविद्यालयाच्या नेटवर्कच्या पत्त्याची अट घालण्याचीही सोय आहे, पण मग जो मोबाइल डेटावर आहे तो वर्गात बसून बाहेर राहतो.

सूचनांच्या बाबतीत एक छोटी गोष्ट, पण सगळ्यात जास्त शिव्या हिलाच पडतात. मूडलच्या ‘अनाउन्समेंट्स’मध्ये टाकलेली सूचना ईमेलने लगेच जात नाही. लेखकाला चूक दुरुस्त करता यावी म्हणून मुळात ३० मिनिटांची मुदत असते आणि ती संपल्यावरच मेल निघतो. ‘आजचा तास खोली क्रमांक १२ मध्ये’ ही सूचना तासाआधी वीस मिनिटं टाकली तर ती तास सुरू झाल्यावर पोहोचते. लिहिण्याच्या चौकटीखालच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये विलंब न करता पाठवण्याची खूण असते, मिश्र कोर्समध्ये जागा आणि वेळ सतत हलत असतात, तेव्हा ती लावायची सवयच करावी. याच ३० मिनिटांचा चांगला उपयोगही आहे. ‘क्यू अँड ए’ प्रकारच्या फोरममध्ये स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय आणि त्याची दुरुस्तीची मुदत संपल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. नक्कल करून लगेच बदलायची पळवाट त्यामुळे बुजते. मात्र हा फोरम वर्गात चालू तासाला वापरायला घेतला तर उत्तर टाकल्यावर अर्धा तास कोणत्याच विद्यार्थ्याला इतरांचं काही दिसणार नाही.

असाइनमेंटमध्ये ‘ड्यू डेट’ आणि ‘कट-ऑफ डेट’ या वेगळ्या चिजा आहेत. पहिली उलटली तरी काम स्वीकारलं जातं, फक्त उशिराचा शिक्का बसतो. दार बंद होतं ते दुसरीने. आणि ‘सबमिट बटण दाबणं आवश्यक’ हा पर्याय चालू असेल तर फाइल चढवून निघून गेलेल्या मुलांची कामं मसुदा म्हणूनच पडून राहतात. कारण ठोस नसेल तर तो बंदच ठेवावा.

गुणपत्रकावर मूडलला कमी गुण द्यावे लागतात. त्यात ताकद भरपूर आहे, पण मुळातलं गणित फसवं आहे. रिकाम्या नोंदी हिशेबातून वगळायच्या, असं आधीच ठरवलेलं असतं. समजा दहा क्विझ झाल्या. एकाने दहाही दिल्या आणि सरासरी दहापैकी सात मिळवले, दुसऱ्याने एकच दिली आणि नऊ मिळवले. मूडल पहिल्याला ७० टक्के दाखवतं आणि दुसऱ्याला ९०. न दिलेली क्विझ म्हणजे शून्य नव्हे, ‘–’. दुसरा विद्यार्थी सत्रभर निर्धास्त राहतो आणि शेवटी कोसळतो. उपाय दोन: वर्गवारीत जाऊन ‘एक्स्क्लूड एम्प्टी ग्रेड्स’ची खूण काढणं, किंवा प्रत्येक क्विझ बंद झाल्यावर रिकाम्या जागी शून्य भरणं. पहिल्या उपायात न झालेल्या क्विझही शून्य धरल्या जातात, म्हणून सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांचे टक्के भयंकर दिसतात आणि मुलं घाबरतात. दुसरा किचकट पण प्रामाणिक, तोच बरा. दोन सर्वांत कमी गुणांच्या क्विझ सोडून द्यायची सोयही आहे, आणि आजारपण, वीज, नेट यांच्या रोजच्या अर्जांतून ती सुटका करते. फक्त त्या वर्गवारीतल्या सगळ्या क्विझचे कमाल गुण सारखे हवेत.

कमकुवत बाजू. व्हिडिओ मूडलवर चढवू नयेत. ते व्हिडिओचा दर्जा नेटच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त करत नाही, सर्व्हरची जागा खातं आणि कोर्सचा बॅकअप फुगवतं. व्हिडिओ बाहेरच्या सेवेवर ठेवून मूडलमध्ये जोडावा, किंवा एचफाइव्हपी या प्रश्न पेरलेलं साहित्य बनवायच्या साधनाच्या ‘इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ’त घालून मधेमधे प्रश्न पेरावेत. त्यात शेवटच्या पडद्यावर ‘सबमिट’ दाबलं नाही तर गुण गुणपत्रकापर्यंत पोहोचत नाहीत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

प्रत्यक्ष वर्गाची हजेरी मूळ मूडलमध्ये नाहीच. ‘अटेंडन्स’ हे प्लगइन वेगळं बसवावं लागतं. प्रयोगशाळेच्या तुकड्या वाटायला मात्र ‘चॉइस’ ही साधी ॲक्टिव्हिटी छान चालते: प्रत्येक वेळेचा एक पर्याय, प्रत्येकाला वीस जागांची मर्यादा, मत बदलण्याची मुभा. कागदावर नावं लिहून घेण्याची झकाझकी संपते.

थेट ऑनलाइन तासासाठी ४.० पासून बिगब्लूबटन आतच येतं. त्याच्या मोफत सर्व्हरवर एका सत्राला ६० मिनिटं आणि २५ जण एवढीच मर्यादा, आणि रेकॉर्डिंग सात दिवसांत जातं. शंकासमाधानाला ठीक, साठ जणांच्या वर्गाला नाही. आणि काही मुलं बाकावर, काही त्याच वेळी पडद्यावर, असा प्रकार करायचा असेल तर त्याचं दुखणं मूडलच्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथे सगळं आवाजावर अडतं. लॅपटॉपचा माइक शिक्षकाचं बोलणं पकडतो, तिसऱ्या बाकावरचा प्रश्न नाही. खोलीसाठी वेगळा माइक नसेल तर प्रत्येक प्रश्न शिक्षकाने परत उच्चारायचा आणि चॅट बघायला एका विद्यार्थ्याला बसवायचं. एवढी तयारी नसेल तर तो घाट घालूच नये.

मोबाइल ॲप उपयोगी आहे, विशेषतः साहित्य उतरवून नेटशिवाय वाचायला. क्विझही ऑफलाइन सोडवता येते, पण वेळमर्यादा, नेटवर्कची अट किंवा प्रश्नागणिक लगेच निकाल यातलं काहीही लावलं की ती सोय बंद होते. वर्गाआधीच्या क्विझला वेळमर्यादा न लावण्याचं हे आणखी एक कारण.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत. ‘क्रॉन’, म्हणजे ठरलेली कामं मागच्या मागे उरकणारा प्रोग्राम, दर मिनिटाला चालतो का? तो अडखळला तर मेल, पूर्तीच्या खुणा, सगळंच रेंगाळतं आणि दोष कोर्सवर येतो. दुसरा, फाइल चढवण्याची मर्यादा किती? कोर्समध्ये कितीही मोठा आकडा निवडा, पीएचपीच्या सेटिंगमधली मर्यादा लहान असेल तर तीच लागू राहते. एकाच मिनिटाला दोनशे जण क्विझ उघडणार असतील तर त्याला आधी कळवणं शहाणपणाचं. उत्तरं मूळ सेटिंगप्रमाणे दर मिनिटाला आपोआप जतन होतात, त्यामुळे नेट गेलं तरी बहुतेक काम वाचतं.

एकट्या शिक्षकाला एखाद्या विषयापुरतं काही हवं असेल आणि मागे सर्व्हर सांभाळणारा कोणी नसेल, तर मूडलच्या वाटेला जाऊ नये. सोप्या साधनावर क्विझ घ्यावी आणि आकडे स्वतः पाहावेत. विभाग म्हणून, तीन-चार विषय मिळून करायचं असेल तर मात्र पाचपैकी चार. कापलेला एक गुण गुणपत्रकाचा.

पहिला कोर्स उभा करायला वेळ लागतो. परतफेड दुसऱ्या सत्रात होते, तीही योग्य क्रमाने केलं तरच. आधी बॅकअप घ्यायचा. मग कोर्सच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीची तारीख बदलायची नाही, तसं केल्याने क्विझच्या तारखा जागच्या हलत नाहीत. ‘रीसेट’मध्ये जाऊन तिथे नवी सुरुवातीची तारीख द्यायची, मग क्विझ, असाइनमेंट यांच्या तारखा तेवढ्याच दिवसांनी पुढे सरकतात. सरकवून झाल्यावर कॅलेंडर उघडून रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी पडलेल्या मुदती हाताने हलवायच्या.